पाचवा फोटो

पहिल्या क्षणी मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी करावी लागणार नाही. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी सासऱ्यांच्या श्राद्धाचे वडे तळत होते. गणपतराव, म्हणजे माझे यजमान, बाहेरच्या खोलीत पाटावर बसले होते, गुरुजींचं 'आता पाणी सोडा' चाललं होतं, आणि ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला माझा फोन टिंग करून वाजला. 'आपल्या वेबसाइटवर नवीन अभिप्राय आला आहे.' पीठ लागलेल्या बोटानेच उघडून पाहिलं. पाचपैकी पाच तारे. खाली लिहिलेलं : 'काम पसंत पडलं. बाई बरोबर पोचली. धन्यवाद.' नाव करिष्मा. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात अनोळखी माणसाने माझ्या कामाला पहिल्यांदाच तारे दिले होते, तेही पाचच्या पाच. झारा उचलून मी एक वडा उलटला, मग दुसरा उलटला, आणि तिसऱ्याकडे हात नेताना 'बाई बरोबर पोचली' हे तीन शब्द मला खरोखर वाचता आले. कांताबाई माझ्याकडे कामाला होती. गुरुवारी त्या करिष्माच्या घरी माझंच काम घेऊन ती गेली होती. पाच दिवस झाले होते आणि ती परत आली नव्हती. तेलाचा धूर व्हायला लागला तेव्हा मी गॅस बंद केला. बाहेरून गणपतराव म्हणाले, "झाले का वं वडे?" माझ्या तोंडून 'झाले' गेलं. सहा-सात झाले होते. कावळ्याला आणि गुरुजींना पुरले असते.

पोचली. माल पोचतो, पार्सल पोचतं, मनीऑर्डर पोचायची. मांडणी करायला आलेल्या बाईबद्दल कोणी असं लिहीत नाही. बाई चांगली होती, बाईचा हात स्वच्छ आहे, असं लिहितात. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि पुन्हा वाचलं. ते कोणीतरी हसत हसत लिहिलं होतं. ते हसू दिसत नव्हतं, पण माझ्यापर्यंत नीट पोचलं.

मी रुखवतं करते. लग्नात मुलीच्या अंगची कला मांडवात मांडून दाखवायची ही जुनी रीत. आता मुलींना नोकऱ्या असतात, कला दाखवायची हौस असते पण करायला वेळ नसतो, म्हणून ती कला त्या माझ्याकडून विकत घेतात आणि वर आपलं नाव घालतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. सुपारीचे नवरा-नवरी, डाळींची रांगोळी, लोकरीचं तुळशीवृंदावन, मण्यांचं तोरण, हे सगळं मनीषनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत होतं. लग्नाच्या दिवशी आमच्यापैकी एक बाई खोकी घेऊन हॉलवर जाते आणि मांडून देते, कारण रुखवत मांडणं हेही एक काम आहे, येरागबाळ्याने केलं तर बाजारातलं दुकान वाटतं. सव्वीस वर्षांत मी एकच नियम पाळला : पत्रिका हातात आल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. पत्रिकेवर दोघांची नावं असतात, हॉल असतो, आईबाप असतात, काका-मामांची रांग असते. पत्रिका म्हणजे चार लोकांसमोर कबूल केलेलं लग्न. हा नियम करायला मला एका जोडीने शिकवलं. 'सोनिका' आणि 'जितेंद्र' असं भरतकाम केलेल्या सहा उशा तयार झाल्या आणि ते लग्नच मोडलं. ते दोघं आज कुठे आहेत मला ठाऊक नाही. त्यांच्या उशांवर गणपतराव दुपारी झोपतात.

वेबसाइटचं खूळ विक्कीने घातलं. विक्की आमच्याच गल्लीतला, वेबसाइटा करून देतो. छोट्या उद्योगांना वेबसाइटसाठी सरकारने अनुदान काढलं होतं, अर्धं वेबसाइट सुरू झाल्यावर, उरलेलं ती चालते हे दाखवल्यावर. "ताई, गवर्मेंट देऊन राहिली नं पैसे, तुमचं काय जाते? तुम्ही बस साइन करा," तो म्हणाला. मी साइन केलं, पण पैशासाठी नाही. माझी पुण्याची नणंद दर दिवाळीला येते, वरच्या खोल्यांतून हात मागे बांधून फिरते आणि म्हणते, "तुझा टाइमपास छान आहे." सव्वीस वर्षं, पाच बायांची चूल, आणि टाइमपास. मला वाटलं, एकदा वेबसाइट झाली की मी आहे, असं होईल. कोणीही कुठूनही नाव टाकलं की मी सापडेन. सापडणं ही चांगलीच गोष्ट असते, असं तोवर मी धरून चालले होते.

अटी दोन होत्या. कामाच्या जागेवरच्या किमान पाच कामगारांचे फोटो नावांसकट वेबसाइटवर हवेत, आणि वेबसाइट सुरू झाल्यापासून नव्वद दिवसांत तिच्यावरून एक तरी ऑर्डर आलेली हवी. अटी करणाऱ्यांना रुखवत म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही. आमची वेबसाइट आषाढात सुरू झाली. ते नव्वद दिवस जवळजवळ सगळे चातुर्मासातले. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमच्याकडे कोणाचंच लग्न लागत नाही, बाया त्या दिवसांत पुढच्या हंगामाचा माल करून ठेवतात आणि मी जुन्या गिऱ्हाइकांना श्रावणातल्या पूजांची तोरणं विकते. मी हे त्या कचेरीत जाऊन सांगितलंही. समोरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, पोर्टलमध्ये चातुर्मासाचा कॉलम नाही." चांगल्या स्वभावाच्या होत्या, चहासुद्धा विचारला.

पाच कामगारांत पाचवी कांताबाई. तिला रोशनीने आणलं, तीन वर्षांपूर्वी. रोशनी माझी सगळ्यात जुनी बाई, हिशेबाची आणि तोंडाची चोख. तिच्या घरामागची खोली कांताबाईला दिली होती. "कोण आहे, कुठची आहे, पुसू नका ताई, हात पाहा तिचे," रोशनी म्हणाली होती. हात मी पाहिले. खरबुजाच्या बिया घेऊन ती बसायची, एकेक बी हिरव्या रंगात बुडवून, वाळवून, पुठ्ठ्यावर पिसासारखी एकावर एक चिकटवायची, आणि संध्याकाळपर्यंत पोपट व्हायचा. तसे पोपट मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. सगळ्यांची मान मागे वळलेली. मी विचारलं, हे सगळे मागेच का बघतात गं, तर म्हणाली, "पोरगी सासरी जाते नं ताई, तं तिचा पोपट माहेराच्या वाटेकडं पाहून राहिला. माही माय अशेच करे." तिच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेऱ्यापासून बाहेरच्या बाजूला वाकडी होती, सरळ होत नसे. बी चिकटवताना ती करंगळी आपोआप वर उभी राहायची. एका दुपारी वीज गेली होती, पंखे बंद, कोणालाच काम सुचत नव्हतं, तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं. नवरा ट्रकवर होता. पहिल्यांदा ती पळून माहेरी गेली तेव्हा तो तिला घेऊन आला, आणि दाराच्या फटीत तिचं बोट धरून दार लावलं, हळूहळू. "म्हणे, आता जिथं जाशील तिथं ओळखू येशील." सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही. मलाच पाणी प्यावंसं वाटलं. त्या घराला ती कधी घर म्हणत नसे. 'तिकडं' म्हणायची. तिकडं असताना, तिकडून निघाली तेव्हा.

म्हणून ती फोटोत येत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बाया माझ्याभोवती उभ्या राहायच्या आणि ती फोन हातात घेऊन म्हणायची, "मी काढतो नं तुमचा." तिच्याबरोबरचे तीन संक्रांतींचे फोटो माझ्याकडे आहेत, तिनेच काढलेले. विक्की कॅमेरा घेऊन आला तेव्हा चार बाया नटूनथटून तयार होत्या आणि ही मागच्या खोलीत. मी गेले. "ताई, मले नका घेऊ," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, चेहरा नको. नुसते हात. हाताला कोण ओळखतंय?" आडनावही घातलं नाही, नुसतं कांता. नागपुरात कांता नावाच्या हजार बाया असतील. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. चार चेहरे आणि पाचवे हात, मागे वळलेल्या पोपटावर टेकलेले. विक्की म्हणाला, "ताई, एक नंबर फोटो. हाच वर ठेवतो." त्याने तोच सगळ्यात वर ठेवला. पाचवा फोटो पहिला झाला.

ऑर्डर आली तेव्हा नव्वदपैकी एकोणऐंशी दिवस संपले होते. वेबसाइटवरच्या फॉर्ममधून, सगळं रीतसर. करिष्मा नावाची मुलगी, वाडीचा पत्ता, अमरावती रोडवरचा. बहिणीचं लग्न आहे, घरीच आहे, फोटोतल्यासारखे दहा पोपट हवेत, आणि ज्या बाईने केले तिनेच येऊन मांडून द्यावेत. तारीख गुरुवार. मी कॅलेंडर पाहिलं. गुरुवार पितृपक्षातला. पितरांच्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी नवी साडीसुद्धा घेत नाही. त्या वेळी माझ्या मनात जे झालं ते मी आता नीट आठवून पाहते आहे, कारण सगळं तिथेच झालं. आधी खट्‌ झालं. मग लगेच मीच त्या खट्‌ला उत्तर दिलं : बौद्धांचं असेल. ते कुठे मुहूर्त पाहतात? जरीपटक्याच्या एका घरी नाही का आपण भाद्रपदात पंचशीलाच्या रंगांचं तोरण करून दिलं होतं? कोणी सांगितलं नव्हतं मला ते बौद्ध आहेत म्हणून. आडनाव नव्हतं, काहीच नव्हतं. मला ऑर्डर हवी होती, म्हणून मी त्या मुलीला परस्पर एक धर्म देऊन टाकला. रोशनीला सांगितलं तेव्हा ती डिंकाच्या वाटीतून हात काढून माझ्याकडे बघत राहिली. "आमच्यातले आहेत हे कोणं सांगितलं तुम्हाले?" मी म्हटलं, "तुमच्यात मुहूर्त बघत नाहीत ना." ती म्हणाली, "मुहूर्त नाही पाहत ताई. पण पत्रिका तं आम्हीबी छापतो नं. पत्रिका मागितली का तुम्ही?" मी म्हटलं, घरगुती लग्न आहे, पत्रिका नसेल. सव्वीस वर्षांचा नियम मी एका वाक्यात मोडला आणि वर रोशनीवर चिडले, की तुला नेहमी खुसपटच काढायचं असतं. मुलीला फोन करून पत्रिका मागितली असती तर तिने काहीतरी थाप मारली असती आणि मला कळलं असतं. मला कळायला नको होतं. हे आज कळतं आहे असं नाही, तेव्हाही कळत होतं, फक्त ते मी खालच्या कप्प्यात ठेवलं होतं.

कांताबाई आधी नाहीच म्हणाली. "वाडीले? तिकडं सगळे ट्रकवालेच राहतात ताई. दुसऱ्या कोणाले पाठवा." मी म्हटलं, "भर दिवसा जायचं. तासाभराचं काम. आणि पोपट तुझेच मागितलेत त्यांनी, नाव घेऊन. फोटोतल्या बाईनेच मांडायचे म्हणतात." ती थांबली. "माहेच?" तिने विचारलं. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता, लाजल्यासारखा, पोरसवदा. "माहेच पाहिजे म्हणतात?" मी हो म्हटलं. मग चार दिवस ती मान खाली घालून दहा पोपट करत बसली आणि मधूनच एखादा हातात धरून लांबून बघायची. गुरुवारी रोशनी तिच्याबरोबर जाणार होती. मी रोशनीला ठेवून घेतलं, कारण सोमवारी अनुदानाच्या तपासणीचे साहेब येणार होते आणि त्यांच्यासाठी वरच्या खोल्या आवरायच्या होत्या. कांताबाई एकटी ऑटोत बसली, मांडीवर खोकं. "येतो ताई," म्हणाली, 'येते' नाही, तिच्या बोलण्यात तसंच होतं. संध्याकाळी साडेपाचला तिचा फोन आला. "ताई, मी घरी आहे. माह्या घरी. तुम्ही फिकीर नका करू. तुमच्याकडलं माहं सामान रोशनीले देऊन द्या." मागे मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला आणि फोन बंद झाला. मी रोशनीला म्हटलं, नवऱ्याकडे गेली बहुतेक, समेट झाला असेल, बाईमाणसाचं शेवटी तसंच असतं. मी हे बोलले. माझ्याच तोंडाने. रोशनी घरी गेली आणि रात्रभर स्वतःच्या फोनवरून कांताबाईचा बंद नंबर लावत राहिली. शुक्रवारी म्हणाली, पोलिसात जाऊ. मी म्हटलं, सोमवार होऊ दे.

सोमवारी साहेब आले. चपला बाहेर काढून वर आले, वेबसाइट उघडून एकेक फोटो आणि एकेक बाई जुळवून पाहिली. चार झाल्या. "या पाचव्या कुठे आहेत, हातवाल्या?" मी म्हटलं, "सुट्टीवर आहेत." त्यांनी खूण केली. "हात फार सुंदर आलेत हो," ते म्हणाले. रोशनी दारात उभी होती. साहेब गेल्यावर तिने माझा चहाचा कप उचलला नाही. आजवर ती नेहमी उचलायची.

हे सगळं ओट्याशी उभं असताना एका दमात आठवलं, की आधीपासूनच आठवत होतं आणि आता फक्त थांबवता येईना, सांगता येत नाही. बाहेर गणपतराव गच्चीवर पान ठेवायला गेले होते, काव काव करून कावळ्याला बोलावण्याचा त्यांचा आवाज येत होता. मी हात धुतले, पर्स घेतली, जिन्यात रोशनीला फोन दाखवला. तिने वाचलं. पाच तारे तिलाही दिसले असणार. "चाला," ती म्हणाली, एवढंच, आणि चपला शोधायला लागली. गणपतराव वरून ओरडले, "कुठं चालली वं? कावळा शिवला नाही अजून!"

वाडीत मोठ्या गोदामांची रांग, तिच्या मागे भाड्याच्या खोल्या. पत्ता खोटा नव्हता. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या दारात एक म्हातारी बाई गहू निवडत बसली होती, मीराबाई म्हणून, नाव तिनेच सांगितलं. "ते तं गुरुवारीच गेले वं. महिन्याभरासाठी घेतली होती खोली, पंधरा दिवसबी नाही राहिले. एक माणूस अन् त्याची बहीण. मंग दुपारी एक बाई आली खोकं घेऊन. तासाभरानं गाडी लागली दारात, अन् गेले सगळे." रोशनीने विचारलं, "बाई कशी होती? रडत होती का?" मीराबाईने सुपातले खडे बाजूला केले. "नाही. चूप होती. तो दंड धरून होता तिचा. जाता जाता तिनं माह्याकडं पाहिलं. मले वाटलं त्यायच्या घरचा मामला." मी म्हटलं, इथे लग्न होतं ना? ती माझ्याकडे बघून हसलीच. "पितरात कोण लग्न करते बाई?"

खिडकीची एक काच फुटलेली होती. आत मोकळी खोली, एक चटई, कोपऱ्यात बिड्यांची थोटकं, आणि जमिनीवर आमचा लाल सॅटिनचा कपडा पसरलेला, चारी कोपरे ताणून, एकही सुरकुती नाही. त्यावर अर्धगोलात पोपट मांडलेले. मी मोजले. नऊ. दहावा खोक्यातच होता, झाकण उघडं. म्हणजे तिला लगेच कळलं नव्हतं. म्हणजे त्याने तिला मांडू दिलं होतं. दाराआड किंवा बाहेर कुठेतरी उभा राहून, किंवा बहिणीला 'छान, छान' म्हणायला लावून, त्याने नऊ पोपट होईपर्यंत वाट पाहिली होती. ती गुडघ्यांवर बसून अंतरं मोजत असेल, दोन बोटं, दोन बोटं, डोकं मागे नेऊन बघत असेल. कोणीतरी तिचं काम नाव घेऊन मागवलं होतं. नऊ पोपट माना मागे वळवून खिडकीकडे, आमच्याकडे बघत होते. रोशनी भिंतीला धरून खाली बसली आणि रडली. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली, की आता हिच्यासमोर आणि सगळ्यांसमोर मला बोलावं लागणार.

ठाणं जवळच होतं, पण ऑटो सिग्नलला अडकला. लपवाछपवी नको म्हणून सुरुवात केली आणि एक गोष्ट मी इथपर्यंत मागे ठेवली. फोटोच्या दिवशी कांताबाईने हात पुढे केले तेव्हा डाव्या हाताची मूठ मिटलेली होती. करंगळी तिने बाकीच्या बोटांखाली दाबून धरली होती. विक्की म्हणाला, "मावशी, हात मोकळा सोडा नं, नॅचरल आलं पाहिजे." तिने सोडला नाही. माझ्याकडे बघितलं. मी तिच्यासमोर बसले, तिचा हात माझ्या हातात घेतला, लहान मुलीचा घेतात तसा, आणि एकेक बोट उघडून पोपटावर ठेवलं. करंगळी शेवटी. ती वर उभी राहिली. मी म्हटलं, "असू दे, छान दिसतंय." तिने पुन्हा मिटली नाही. मी सांगितलं की ती करायची. चेहरा झाकला की माणूस झाकला, असं मला वाटलं होतं. ते बोट त्याच्या हातचं काम होतं, आणि त्याने ते कुठेही ओळखलं असतं. कामाची सही ओळखणं हा तर माझाच धंदा, शंभर रुखवतांतून माझं तोरण मी सांगेन. ते मला सुचलं नाही.

ठाण्यात टेबलामागे एक तरुण पोलीस बाई होती. तिने आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग तेच विचारलं जे कोणीही विचारेल. "नवऱ्यासोबत गेली म्हणता, फोन केला म्हणता, मग हरवली कशी?" मी म्हटलं, "फोन तिने केला नाही. तिच्याकडून करवला." "हे तुम्हाले कसं माहीत?" मी म्हटलं, "ती 'माझ्या घरी' म्हणाली." एवढं पुरेसं नाही हे मलाही कळत होतं, म्हणून पुढचं सांगितलं. ऑर्डर, पत्रिका, पितर, वाडीची खोली, आजचे पाच तारे. गुरुवारपासून आज मंगळवारपर्यंत मी का आले नाही तेही सांगितलं. साहेब, तपासणी, 'सुट्टीवर आहेत'. रोशनी समोरच्या भिंतीकडे बघत होती. पोलीस बाईने लिहिणं थांबवून एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा लिहायला लागली. करिष्माचा नंबर लावला, बंद. नवऱ्याचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं, रोशनीलाही पहिलंच नाव माहीत होतं, ट्रकचा नंबर कोणालाच नाही. तीन वर्षं ती माझ्या घरात दुपारचं जेवली होती.

"फोटो द्या तिचा," ती म्हणाली.

मी फोन काढला. तीन संक्रांती, तीन दिवाळ्या, शंभर तोरणं, दोनशे पोपट. प्रत्येक फोटोत मी होते. एकातही ती नव्हती, कारण ती कॅमेऱ्याच्या मागे होती. रोशनीने तिचा फोन काढून पाहिला. नाही. मग मी वेबसाइट उघडली, आणि पहिलाच फोटो समोर आला. फोन टेबलावर ठेवला.

"चेहऱ्याचा नाही?"

"नाही."

"एकबी नाही?"

"नाही."

तिने उसासा सोडला. रागाने नाही, कामाचं ओझं वाढल्यावर सोडतात तसा. "ताई, नुसत्या हातावरून कसं शोधायचं? हातावरून कोण ओळखते माणसाले?" रोशनीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पोलीस बाईने फॉर्मवर पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं. "बरं, अंगावर काही खूण? ओळख पटण्यासारखी?"

"डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे."

"जन्मापासून?"

"नाही," मी म्हटलं. "नवऱ्याने दारात चिरडली होती."

ते तिने लिहून घेतलं. मग माझा फोन उचलला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, पोपट बाजूला गेला, बाकीची बोटं बाजूला गेली आणि पडद्यावर तेवढंच उरलं.

"दिसते बरोबर," ती म्हणाली. "एकदम साफ आला आहे."